न्यू इद्रिया: बंद पडलेल्या पाऱ्याच्या खाणीचा भूछेद – प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५

न्यू इद्रियाचा भूछेद, म्हणजे डोंगर उभा कापला तर आतले खडक कसे दिसतील त्याचं चित्र, काढायचं काम आज हाती घेतलं. कॅलिफोर्नियातल्या सान बेनिटो काउंटीच्या दक्षिण टोकाला, डायब्लो पर्वतरांगेच्या आत, ही पाऱ्याची खाण आहे. १८५४ च्या आसपास सुरू झाली, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. उत्तर अमेरिकेत पाऱ्याच्या उत्पादनात पहिला नंबर सॅन होजेजवळच्या न्यू आल्माडेनचा आणि त्याखालोखाल हिचा. न्यू आल्माडेनला आता बाग आहे, संग्रहालय आहे, रविवारी लोक मुलांना घेऊन जातात. न्यू इद्रियाला कोणी जात नाही. गाव ओस पडलंय, खाणीची जागा कुंपणाआड आहे, २०११ पासून ती केंद्र सरकारच्या 'सुपरफंड' यादीत आहे, म्हणजे देशातल्या सर्वांत दूषित जागांमध्ये तिची गणना होते.

छेद आहे कॅलिफोर्नियातल्या आमच्या मराठी शाळेतल्या मोठ्या मुलांसाठी, भिंतीवरच्या तक्त्यावर छापायला. इथली सगळी मुलं चौथीत 'गोल्ड रश' शिकतात. १८४९ ची सोन्याची धाव त्यांना तोंडपाठ असते, पण ते सोनं वेगळं काढायला पारा लागत होता आणि तो आपल्याच बाजूच्या डोंगरांतून गेला, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. पारा तिथे का सापडला, हे तर दूरच. तेच 'का' मला एका चित्रात मांडायचं आहे.

ठरलेली रेषा: ईशान्येला वायेसितोसचं खोरं, तिथून सान कार्लोस ओढ्याच्या कडेने वर, खाण ओलांडून नैर्ऋत्येला सान बेनिटो पर्वताच्या माथ्यापर्यंत (५,२४१ फूट). उभी आणि आडवी मोजपट्टी एकच ठेवणार. उभी मोजपट्टी ताणली की डोंगर छान दिसतात, पण खडकांच्या थरांचा कल खोटा होतो, आणि इथे सगळी गोष्ट कलातच आहे.

१८ जानेवारी

पायाभूत नकाशा तयार. १९४६ मध्ये एकेल आणि मायर्स यांनी या जिल्ह्याचा जो नकाशा छापला, तोच अजूनही पहिला आधार. दुसऱ्या महायुद्धात पाऱ्याची मागणी वाढली होती, त्यामुळे सरकारी भूवैज्ञानिक चालू खाणीत उतरून मोजमाप करू शकले. आज ते बोगदे बंद आहेत. म्हणून जमिनीखालच्या ज्या काही नोंदी आहेत, त्या त्याच काळातल्या माणसांच्या. त्या नकाशावरची एकेक कलाची खूण बघताना मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो. अंधारात, गरम बोगद्यात, कंपास धरून उभं राहून घेतलेलं ते एकेक मोजमाप आहे.

नकाशावर तीन गोष्टी दिसतात. मधोमध सर्पेंटिनाइट या हिरव्या, घसरड्या खडकाचा लांबोडा पट्टा, वायव्य-आग्नेय पसरलेला, वीसेक किलोमीटर लांब आणि पाच ते सात किलोमीटर रुंद. त्याच्या कडेला फ्रान्सिस्कन समूहाचे चुरगळलेले खडक, कुठे आहेत कुठे नाहीत असे. आणि बाहेरच्या बाजूला पानोचे फॉर्मेशन: क्रिटेशियस काळात (डायनोसॉर होते तेव्हा) खोल समुद्राच्या तळाशी साचलेले वालुकाश्म आणि शेल (घट्ट झालेल्या चिखलाचा खडक), हजारो फूट जाडीचे. सर्पेंटिनाइट आणि पानोचे यांच्या सीमेवर जो मोठा प्रस्तरभंग आहे, म्हणजे एका बाजूचा खडक दुसरीवर चढून सरकला अशी भेग, तो न्यू इद्रिया थ्रस्ट फॉल्ट. खाण बरोबर त्या फॉल्टवर बसलेली आहे.

१९ जानेवारी

कालच्या नोंदीला जोड, कारण हाच छेदाचा कणा आहे.

कॅलिफोर्नियातल्या पाऱ्याबद्दल वाचायला घेतलं की सर्पेंटिनाइटचं नाव पहिल्या परिच्छेदातच येतं. त्यामुळे पारा त्या हिरव्या खडकात असतो असा समज होतो. न्यू इद्रियाच्या मुख्य खाणीत तसं नाही. तिथलं बरंचसं धातुक (ज्यातून धातू काढतात तो खडक) सापडलं ते फॉल्टच्या खालच्या बाजूला, पानोचेच्या भाजून-मुरून कडक झालेल्या वालुकाश्मात आणि शेलमध्ये. सर्पेंटिनाइट वर, पारा खाली. सर्पेंटिनाइटने पारा दिला नाही, त्याने तो अडवला.

पातेल्यावर ताटली ठेवली की वाफ ताटलीच्या खालच्या अंगाला जमते, ताटलीच्या आत नाही. इथे फॉल्टची भुकटी आणि घासून गुळगुळीत झालेला सर्पेंटिनाइट ही ताटली. खालचे थर उलटे पडलेले, तडे गेलेले. खोलातून वर आलेलं गरम पाणी त्या तड्यांतून चढत गेलं आणि ताटलीपाशी थबकलं. पारा तिथे बसला.

तक्त्याचं शीर्षक काहीही असो, मुलांच्या लक्षात एवढं राहिलं तरी पुष्कळ झालं.

१ फेब्रुवारी

सर्पेंटिनाइट मुळात इतका वर कसा आला, यावर आठवडा गेला.

हा खडक मूळचा पृथ्वीच्या कवचाखालच्या प्रावरणातला, पेरिडोटाइट. त्यात पाणी मुरलं की त्यातल्या ऑलिव्हिन आणि पायरोक्सिन या खनिजांचं रूपांतर सर्प गटाच्या खनिजांत होतं. खडक फुगतो आणि हलका होतो. पेरिडोटाइटची घनता पाण्याच्या ३.३ पटीच्या आसपास, सर्पेंटिनाइटची साधारण २.६ पट. शिवाय तो घट्ट राहत नाही. आतल्या आत घसरतो, घासला जातो, त्याच्या पृष्ठांवर चकाकी येते. वर जड आणि ताठ गाळाचे खडक, खाली हलका आणि घसरडा खडक, पश्चिमेला सान आंद्रेआस फॉल्ट आणि सगळ्या प्रदेशावर आडवा दाब. मग हा खडक जिथे वाट मिळेल तिथून वर घुसतो. न्यू इद्रियाला तो कोलिंगा गावाकडच्या मोठ्या घडीच्या (दाबाने कमानीसारख्या वाकलेल्या थरांच्या) माथ्यातून, वरचे थर फाडत बाहेर आला. घनरूपातच, वितळून नाही. हे तक्त्यावर मोठ्या अक्षरांत लिहायला हवं. खालून वर आलेला खडक म्हटलं की आपल्याकडची मुलं लगेच लाव्हारस म्हणतात. महाराष्ट्राचा नकाशा डोक्यात असलेल्या माणसाला ते साहजिकच आहे, कारण आपला जवळजवळ सगळा पठारी भाग लाव्ह्याचा.

तो वर येताना किती खोलीवरचे तुकडे बरोबर घेऊन आला, याचा पुरावा क्लिअर क्रीकच्या खोऱ्यात आहे. तिथे सर्पेंटिनाइटच्या आत जेडाइट हे खनिज सापडतं. रॉबर्ट कोलमन यांनी १९६१ मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं. जेडाइटला प्रचंड दाब लागतो, तो उथळ भागात तयार होत नाही.

हा दाब अजून संपलेला नाही. २ मे १९८३ रोजी कोलिंगाला ६ पेक्षा मोठ्या तीव्रतेचा भूकंप झाला, गावाचा जुना बाजार कोसळला. जमिनीवर ठळक भेग कुठेच दिसली नाही, कारण सरकलेला फॉल्ट घडीच्या पोटात दडलेला होता. छेदाच्या दक्षिणेला, चौकटीबाहेर, एक बाण काढून हे लिहिणार.

८ फेब्रुवारी

सर्पेंटिनाइट पृष्ठभागावर कधी पोचला, हे कसं कळतं? मला या सगळ्या प्रकल्पात सर्वांत देखणा वाटणारा पुरावा इथे आहे.

कोलिंगाच्या उत्तरेला, पर्वताच्या पूर्व उतारावर, मायोसिन काळातल्या गाळाचा एक थर आहे. नाव 'बिग ब्लू'. निळसर-हिरवट. जवळून पाहिलं तर तो गाळ म्हणजे सर्पेंटिनाइटचाच चुरा: गोटे, खडे, माती, सगळं त्याच खडकाचं. त्याच्या खालच्या थरांत हा मालमसाला नाही. मग अर्थ सरळ आहे. मध्य मायोसिनमध्ये, साधारण दीड कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास, सर्पेंटिनाइट उघडा पडला होता आणि पावसापाण्याने झिजून, घसरून खाली वाहत होता. डोंगराच्या जन्माची नोंद त्याच्या पायथ्याशी साचलेल्या गाळात लिहिलेली आहे.

आमची रेषा बिग ब्लूवरून जात नाही. तरी कोपऱ्यात एक छोटी चौकट त्याला देणारच.

१५ फेब्रुवारी

पाऊस. पानोचेकडचा रस्ता दोन ठिकाणी चिखलात गेल्याचं कळलं. घरीच बसून ओढ्याची उंची-रेषा काढली.

२२ फेब्रुवारी

काकांकडे गेले. काका नागपूरला शिकले, पुढे सगळा जन्म सूक्ष्मदर्शकाखाली खडक बघण्यात गेला, आता निवृत्त आहेत. त्यांच्या जुन्या शिकवणीच्या संग्रहात सिलिका-कार्बोनेट खडकाचा एक तुकडा आहे, कोस्ट रेंजमधल्या, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतच्या डोंगररांगांतल्या, पाऱ्याच्या खाणीतला.

हा तुकडा नीट लिहून ठेवते. आकार मुठीएवढा. बाहेरून गंजट तपकिरी, कोणी रस्त्यात पाहिला तर उचलणार नाही. करवतीने कापलेली बाजू मात्र करडी-पांढरी, आत जाळीदार नक्षी. ती जाळी म्हणजे मूळ सर्पेंटिनाइटचीच रचना, पण खनिजं सगळी बदललेली. जाळीच्या रेषांत कॅल्सेडनी आणि क्वार्ट्झ, मधल्या घरांत मॅग्नेसाइट. एका बाजूने केसाएवढी भेग जाते आणि तिच्या दोन्ही भिंतींवर हिंगुळाचा (पारा आणि गंधकाच्या खनिजाचा) लाल थर आहे, नखाच्या जाडीपेक्षाही कमी. भेग जिथे रुंदावते तिथे थर दाणेदार होतो आणि भिंगातून त्या दाण्यांवर हिऱ्याची असते तशा प्रकारची झळाळी दिसते. शेजारी पितळी रंगाचे बारीक ठिपके. काकांनी बोट ठेवलं.

"अगं, लालाकडे सगळेच बघतात. हे पिवळे ठिपके बघ. पायराइट आणि मार्कसाइट. पुढे तुला तेच त्रास देणार आहेत."

"ओढ्याच्या पाण्याचं म्हणताय ना काका?"

"तेच. पारा काढून नेला लोकांनी. हे मागे टाकलं."

चिनी मातीच्या पाटीवर हिंगुळाचा कस पाहिला, लालभडक. कडकपणा दहांपैकी दोन ते अडीच, म्हणजे नखाने जेमतेम ओरखडा. घनता मात्र ८ च्या वर. पाटी लगेच ओल्या फडक्याने पुसली, फडकं पिशवीत बंद केलं. शाळेत हा तुकडा न्यायचा तर काचेच्या बंद डबीतच. कोरडं घासणं नाही, तापवणं तर अजिबात नाही.

सिलिका-कार्बोनेट खडक कसा होतो तेही काकांनी कागदावर काढून दिलं. सर्पेंटिनाइटमध्ये मॅग्नेशियम आणि सिलिका दोन्ही भरपूर. कार्बन डायऑक्साइडने भारलेलं गरम पाणी त्यातून गेलं की मॅग्नेशियम कार्बोनेटला चिकटतं, सिलिका उरते आणि क्वार्ट्झ-कॅल्सेडनी होऊन बसते. मऊ, घसरडा खडक कडक आणि ठिसूळ होतो. ठिसूळ झाला की फुटतो, फुटला की भेगा पडतात, भेगांत हिंगूळ बसतो. न्यू इद्रियाच्या मुख्य खाणीत धातुक पानोचेत असलं तरी आसपासच्या काही छोट्या खाणी या सिलिका-कार्बोनेट खडकातच होत्या. दोन्ही प्रकार छेदात वेगळ्या रंगांनी दाखवणार.

निघताना काकांनी कणकवलीची आठवण काढली. जानवली-वागदे भागातला क्रोमाइट अशाच अतिअल्पसिलिक खडकांत आहे, तिथेही सर्पेंटिनाइट झालेला दिसतो. पण तिथला खडक फार प्राचीन, आणि पारा नाही. तेव्हा नुसता सर्पेंटिनाइट असून भागत नाही.

१ मार्च

मग पारा कुठून आला? हा प्रश्न मुलं विचारणारच, म्हणून उत्तर तयार ठेवते.

कोस्ट रेंजच्या खाली एके काळी महासागराचा तळ खंडाखाली सरकत होता. सान आंद्रेआस फॉल्ट लांबत उत्तरेकडे गेला तसतसं ते सरकणं थांबलं, खाली रिकामी झालेली जागा प्रावरणाच्या तप्त खडकाने घेतली आणि वरच्या गाळाच्या खडकांना खालून उष्णता मिळाली. त्या गाळांत जुन्या समुद्रातलं सेंद्रिय द्रव्य होतं आणि त्याला चिकटलेला पारा अत्यल्प प्रमाणात होता. उष्णतेने पाणी, कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि काही ठिकाणी खनिज तेलही सुटलं. पारा त्यांच्याबरोबर निघाला. कोस्ट रेंजच्या पाऱ्याच्या खाणींत तेलाचे अंश सापडतात ते म्हणूनच.

पाऱ्याचं वेगळेपण असं की तो फार कमी तापमानाला हलतो. तांबं, जस्त, शिसं यांना जास्त उष्णता लागते, ती खोलीवरच राहतात. शे-दोनशे अंश सेल्सियसच्या पाण्यातून पारा एकटाच पुढे येतो, वर पाणी थंड झालं, वायू निसटले की गंधकाशी जुळून हिंगूळ होतो. म्हणून पाऱ्याच्या खाणी उथळ असतात आणि त्यांत दुसरा धातू सहसा नसतो.

तुलनेसाठी, तक्त्याबाहेर: स्लोव्हेनियातल्या इद्रियाला कार्बोनिफेरस शेलमध्ये शुद्ध पाऱ्याचे थेंब सापडत, स्पेनच्या आल्मादेनला हिंगूळ क्वार्ट्झाइटमध्ये मुरलेला होता. सर्पेंटिनाइटचा दोन्हीकडे संबंध नाही. ही कॅलिफोर्नियाची स्वतःची तऱ्हा.

१६ मार्च

न्यू इद्रियाला जाऊन आले. सोबत माझी मैत्रीण आणि तिचा मोठा मुलगा. हॉलिस्टर, पायसिनेस, पानोचेचं खोरं, तिथून न्यू इद्रिया रस्ता. शेवटचा टप्पा खड्ड्यांचा. फोनला रेंज नाही, म्हणून परतायची वेळ घरी सांगून ठेवली होती. आम्ही सार्वजनिक रस्ता सोडला नाही. कुंपणाच्या आत पाराच नव्हे, पडायला आलेल्या इमारती आहेत, २०१० च्या आगीत त्यांतल्या बऱ्याच जळाल्या. आणि गावाच्या वरच्या बाजूची माती क्रिसोटाइल अॅस्बेस्टसची, ज्याचे बारीक तंतू श्वासातून आत गेले की घातक. पर्वताच्या पलीकडचा क्लिअर क्रीकचा भाग सरकारने २००८ मध्ये याच कारणाने बंद केला होता. देशातली शेवटची अॅस्बेस्टसची खाणही याच सर्पेंटिनाइटवर होती, ती २००२ मध्ये थांबली. नमुना म्हणून एक खडाही उचलला नाही.

वायेसितोस सोडून वर चढायला लागलं की रस्त्याच्या कापात पानोचेचे थर दिसतात. फिकट पिवळसर वालुकाश्माचे जाड पट्टे, मधे करड्या शेलचे पातळ. खोल समुद्रात उतारावरून गाळाचे लोंढे एकामागून एक आले, त्यातल्या एकेका लोंढ्याचा एकेक पट्टा. प्रत्येक पट्ट्यात खाली जाड वाळू, वर बारीक. हीच बारकाई आम्हाला हवी होती. खालच्या भागात जाड वाळू खालीच दिसते, थर सरळ आहेत. खाणीच्या जवळ हे थर उभे होत जातात आणि नकाशावर पुढे उलटे झाल्याच्या खुणा आहेत. मैत्रिणीचा मुलगा म्हणाला, "मावशी, म्हणजे इथे जुना थर वर आणि नवा खाली?" हो, तेच. वर आलेल्या सर्पेंटिनाइटने कडेचे थर ढकलून पालथे घातले.

मग ओढा. गावाच्या वर सान कार्लोसचं पाणी नितळ असतं. सर्पेंटिनाइटमधून झिरपलेलं, मॅग्नेशियमयुक्त, थोडं क्षारीय. खाणीच्या दहाव्या पातळीच्या आडव्या बोगद्यातून जे पाणी बाहेर पडतं ते त्याला मिळालं की खाली ओढा नारिंगी होतो. कुंपणाखालच्या टप्प्यात रस्त्यावरून नीट पाहता आलं. तळाच्या प्रत्येक दगडावर नारिंगी साय, पाणी संथ आहे तिथे मऊ आणि जाड, धारेत आहे तिथे कडक खपली झालेली. खपलीला थर आहेत, कडेला तुटलेल्या जागी चार-पाच छटा एकावर एक दिसत होत्या. गवताची जी पाती पाण्यात लोंबत होती त्यांची खालची टोकं त्याच रंगाने मढलेली.

उजवीकडे भाजलेल्या खडीचे, म्हणजे भट्टीत पारा काढून उरलेल्या खडकाचे, ढीग, गुलाबी-लालसर. त्यावर फारसं काही उगवलेलं नाही.

१७ मार्च

काकांना फोटो पाठवले. उत्तर आलं: "खाण बंद झाली म्हणजे भूविज्ञान बंद होत नाही." फोनवर पुढे बराच वेळ बोललो.

पायराइट आणि मार्कसाइट, दोन्ही लोखंड आणि गंधकाचं एकच रासायनिक सूत्र, स्फटिकरचना वेगळी. मार्कसाइट हवेत लवकर सडतं. डोंगर अखंड होता तोवर या खनिजांपर्यंत हवा पोचत नव्हती. बोगदे खणले, हवा आत गेली, पावसाचं पाणी भेगांतून उतरलं आणि गंधकाचं सल्फ्युरिक आम्ल होऊ लागलं. लोखंड विरघळून पाण्याबरोबर बाहेर येतं, उजेडात हवा लागली की गंजून खाली बसतं. ती नारिंगी साय. खाणीत माणूस नसला तरी हे चालू राहणार, कारण तिला लागणारा कच्चा माल डोंगरात शिल्लक आहे.

आता पुन्हा ताटलीकडे. धातुक सर्पेंटिनाइटमध्ये असतं तर मॅग्नेशियम कार्बोनेटने हे आम्ल बरंचसं शमवलं असतं. ते आहे पानोचेच्या शेलमध्ये, जिथे आम्ल शमवायला फारसं काही नाही. धातुक फॉल्टच्या कुठल्या बाजूला बसलं, यावर ओढ्याच्या पाण्याचा रंग ठरला. मला छेद काढायचा तो यासाठी. प्रदूषणाच्या बातम्या वाचताना खाणमालक, कायदा, पैसा हे सगळं येतं आणि यायलाच हवं, पण फॉल्टचं नाव येत नाही. फॉल्ट समजून न घेता तिथे साफसफाईची योजना आखता येणार नाही.

२९ मार्च

भाजलेल्या खडीबद्दल.

हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक, वजनाने ८६ टक्के पारा. सहाशे अंशांच्या आसपास तापवलं की गंधक हवेशी मिळून जातो, पारा वाफ होऊन निघतो, ती वाफ थंड केली की द्रव पारा. कृती सोपी, म्हणूनच अशा दुर्गम जागी चालली. आधी विटांच्या भट्ट्या, विसाव्या शतकात फिरत्या नळकांड्याच्या. १८६१ च्या जुलैत विल्यम ब्रूअर राज्याच्या भूसर्वेक्षणासाठी इथे येऊन गेला, तेव्हा या भट्ट्या पेटलेल्याच होत्या. भट्टीवरच्या कामगारांच्या तोंडाला लाळ सुटे, दात हलत, हात थरथरत. तक्त्यावर धातुकाची आकृती काढताना ती माणसं वगळायची नाहीत.

खाणीने सगळ्या आयुष्यात पाऱ्याचे पाच लाखांहून जास्त फ्लास्क (लोखंडी बाटल्या) दिले. एक फ्लास्क ७६ पौंड, साडेचौतीस किलो. गुणाकार केला तर सव्वासतरा हजार टन. पारा इतका जड की हे सगळं अकरा मीटर बाजूच्या घनात मावेल. मुलांना हाच आकडा सांगणार. वीस किलोमीटरच्या सर्पेंटिनाइटच्या कडेला, सगळ्या डोंगराच्या पोटातून निघालेला पारा आपल्या शाळेच्या सभागृहात राहिला असता.

भट्टीत सगळा पारा निघत नाही. खडीत उरतो, आणि उरलेला पारा हिंगुळासारखा निवांत बसणारा नसतो. अखंड हिंगूळ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. भाजलेल्या खडीत मात्र मेटासिनाबार (हिंगुळाचंच काळं रूप), क्लोराइड, सल्फेट अशी रूपं तयार होतात, त्यांतली काही पाण्यात सहज जातात. बोगद्यातलं आम्ल पाणी खडीच्या ढिगाऱ्यावरून वाहतं तेव्हा त्यातला पारा वाढतो. त्या पाण्यात सल्फेट भरपूर. खाली चिखलात सल्फेटवर जगणारे जिवाणू असतात आणि तेच पाऱ्याचा मिथाइल-पारा करतात, म्हणजे सजीवांच्या शरीरात साठत जाणारं जास्त विषारी रूप. मग मासे, मग माशांवर जगणारे.

१२ एप्रिल

ओढा पुढे कुठे जातो ते रेखाटलं. सान कार्लोस सिल्व्हर क्रीकला मिळतो, सिल्व्हर क्रीक पानोचे क्रीकला, आणि पानोचे क्रीक सान वाकीनच्या खोऱ्यात उतरून स्वतःच्याच गाळाने पंख्यासारख्या पसरलेल्या उतारात, म्हणजे गाळाच्या पंख्यात, मुरतो. एरवी पाणी तिथेच संपतं. मोठ्या पुराच्या वर्षी मात्र मेंडोटाजवळ सान वाकीन नदीला मिळतं, आणि ती नदी सान फ्रान्सिस्कोच्या उपसागराला. याच पंख्याच्या भागातल्या समुद्री शेलमधून आलेल्या सेलेनियममुळे १९८३ मध्ये केस्टरसनच्या तलावात पक्ष्यांची विकृत पिल्लं सापडली होती. त्यात खाणीचा हात नव्हता, पण एकाच पर्वतातले खडक किती दूर पोचतात याचं ते उदाहरण.

आणि सोन्याचा धागा. कॅलिफोर्नियाच्या कोस्ट रेंजने १८५० ते १९८१ या काळात सुमारे २२ कोटी पौंड पारा दिला. त्यातला अंदाजे २ कोटी ६० लाख पौंड राज्यातल्याच सोन्याच्या कामात वापरला गेला, मुख्यतः सिएरा नेवाडात. चौथीच्या धड्याला जोडायचा दुवा हा.

१९ एप्रिल

फॉल्टचा आकार ठरवायला काकांशी दोन तास वाद झाला, चांगला वाद.

पृष्ठभागाजवळ फॉल्टचा कल तुलनेने कमी, सर्पेंटिनाइट पानोचेवर चढून आलेला. मी तीच रेषा तशीच खाली नेली होती. काकांचं म्हणणं, "सरळ नेलीस तर सर्पेंटिनाइट बाजूने आला असं दिसेल. तो खालून आलाय." मग खाली उभी होत जाणारी आणि वर येताना ईशान्येकडे वाकणारी रेषा घेतली. त्यामुळे थरांचं उलटणंही समजतं: वर आलेला खडक पृष्ठभागापाशी पोचल्यावर कडेला पसरतो आणि शेजारचे थर दुमडतो. खोल भागात रेषा तुटक ठेवली, कारण तिथे कोणी पोचलेलं नाही.

धातुकाचे पट्टे वाकणाच्या खालच्या अंगाला लाल रंगात. त्यांच्या भोवती पिवळे ठिपके, पायराइट-मार्कसाइटचे. काकांची अट होती, लालापेक्षा पिवळे ठिपके जास्त जागेत पसरलेले दिसले पाहिजेत. बरोबरच आहे.

३ मे

बेनिटोइटला जागा द्यायची की नाही? हे निळं रत्न १९०७ मध्ये याच सर्पेंटिनाइटच्या दक्षिण भागात सापडलं, बेरियम-टायटॅनियमचं सिलिकेट, पांढऱ्या नॅट्रोलाइटमध्ये जडलेलं. १९८५ पासून राज्याचं अधिकृत रत्न. खाणीशी त्याचा काही संबंध नाही आणि आमच्या रेषेवरही ते नाही. पण मुलं तक्त्यापाशी थांबतील ती त्याच्यासाठीच. उजव्या वरच्या कोपऱ्यात छोटं चित्र दिलं.

माथ्यावर जेफ्री पाइन आणि इन्सेन्स सीडार काढले. आजूबाजूच्या कोरड्या डोंगरांवर हे वृक्ष नाहीत. त्याच मातीवर सान बेनिटो इव्हनिंग प्रिमरोज नावाचं छोटं पिवळं फूल येतं, ते जगात याच परिसरात. निकेल-क्रोमियमने भरलेल्या, कॅल्शियमला तुटवडा असलेल्या मातीत जगायला शिकलेलं. धोक्यात असलेल्या प्रजातींच्या यादीत ते १९८५ मध्ये आलं होतं, २०२२ मध्ये त्यातून बाहेर पडलं. हे लिहिताना मला फार बरं वाटलं.

१० मे

तक्ता छापायला दिला. अंतिम रंग: सर्पेंटिनाइट हिरवा, फ्रान्सिस्कन जांभळा, पानोचेचा वालुकाश्म पिवळसर आणि शेल करडा, सिलिका-कार्बोनेट तपकिरी, धातुक लाल, भाजलेली खडी गुलाबी, बोगद्याचं पाणी नारिंगी. नारिंगी रेषा छेदाच्या डाव्या चौकटीपाशी न थांबवता चौकटीबाहेर नेली आहे आणि टोकाला लिहिलं आहे: सिल्व्हर क्रीक, पानोचे क्रीक, पुराच्या वर्षी सान वाकीन नदी.